वैद्यकीय यंत्राची कंपनी आणि आपली पुंजी

भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षे लेथ चालवून निवृत्त झालेले आमच्या संघटनेचे एक जुने सभासद काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कचेरीत आले. पिशवीतून त्यांनी एक गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका काढली आणि म्हणाले, "भाऊ, हे जरा वाचून सांगा." पुस्तिका एका छोट्या कंपनीची होती. मनगटावर बांधण्याचे घड्याळासारखे यंत्र. बोट न टोचता रक्तातील साखर सांगणार. कंपनीचे शेअर अजून बाजारात नोंदलेले नव्हते. पुतण्याच्या ओळखीचा एक तरुण ते ४०० रुपयांना एक या भावाने मिळवून देत होता, आणि दोन वर्षांत बाजारात नोंदणी झाली की पाचपट होतील असे सांगत होता. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आमच्या या मित्राच्या हाती २६ लाख रुपये आले होते. त्यांतले १२ लाख घालण्याचा त्यांचा विचार होता.

आम्ही सरळ "घालू नका" असे म्हणणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "हिला १४ वर्षे साखर आहे. रोज सकाळी बोट टोचते. पैसे वाढले तर उत्तमच, पण भाऊ, हे यंत्र झालेच पाहिजे की नाही?"

या प्रश्नाला चटकन उत्तर देता येईना. आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. आम्ही डॉक्टर नव्हे की हिशेबतपासनीस नव्हे. परंतु ताळेबंद वाचण्याची विद्या बोनसच्या वाटाघाटींनी आम्हाला शिकवली आहे, आणि यंत्र चालते की चालल्यासारखे दाखवले जाते हे ओळखणाऱ्या माणसांत आमचे आयुष्य गेले आहे. त्या पंधरा दिवसांत आणि पुढे जे कळले ते येथे मांडतो. असे कागद घेऊन येणारे ते पहिले नव्हते आणि शेवटचेही ठरलेले नाहीत.

आरंभीच एक भेद करावा लागतो. यंत्र खरे आहे काय, हा एक प्रश्न. आणि त्या कंपनीचा शेअर घेणे शहाणपणाचे आहे काय, हा दुसरा. विकणारा मनुष्य पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचेही दिल्यासारखे करतो. ऐकणाराही, विशेषतः घरात आजारी माणूस असेल तर, तसेच धरून चालतो.

आधी यंत्राकडे पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि निरोगी माणसाच्या उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. कातडीवरून प्रकाशाचा झोत टाकून त्या चमचाभर साखरेतील थोडीशी वाढघट ओळखायची, हे टोचण्यावाचून मोजणाऱ्या यंत्राचे काम. वाटेत कातडी, चरबी, पाणी आणि रक्तातील इतर पदार्थ आडवे येतात. घाम आला, हात गार पडला, पट्टा सैल झाला की आकडा हलतो. साखरेचा संकेत या गलबल्यात बाजारातल्या कुजबुजीसारखा हरवतो. दंडावर किंवा पोटावर चिकटवून दिवसेंदिवस साखर सांगणारी यंत्रे आता मिळतात, परंतु त्यांचा बारीक तंतू कातडीखाली शिरलेला असतो. मुळीच न टोचता मोजणाऱ्या घड्याळांविषयी आणि अंगठ्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लोकांना जाहीर इशारा दिला: असे एकही यंत्र आम्ही मंजूर केलेले नाही, वापरू नका. चुकीच्या आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन जास्त टोचले तर माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो. येथे चूक म्हणजे केवळ नापास झालेला माल नव्हे.

बरे, मंजुरी मिळाली म्हणजे तरी सारे पार पडले काय? अमेरिकेत सिग्नस नावाच्या कंपनीने 'ग्लुकोवॉच' नावाचे मनगटी यंत्र काढले होते. कातडीवाटे सौम्य विद्युत्प्रवाहाने द्रव ओढून ते साखर मोजी. २००१ मध्ये त्याला रीतसर सरकारी मंजुरी मिळाली. पण ते लावण्यापूर्वी जुळवणीसाठी बोट टोचावेच लागे, आणि पुष्कळांच्या मनगटाला आग होई व चट्टे उठत. लोकांनी घेतले नाही. काही वर्षांतच कंपनीने आपला धंदा दुसरीला विकला आणि यंत्र बाजारातून गेले. यंत्र खोटे नव्हते, परवाना खोटा नव्हता. तरी धंदा बुडाला.

आता खोट्याचे उदाहरण. ते अमेरिकेतलेच असले तरी कामगारांच्या दृष्टीने त्याच्याइतके बोधप्रद दुसरे आम्हाला आढळले नाही. थेरॅनॉस ही कंपनी एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, महाविद्यालय सोडून काढली. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर शेकडो तपासण्या करू, असा दावा. संचालक मंडळावर जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर यांच्यासारखे माजी परराष्ट्रमंत्री. २०१४ मध्ये कंपनीची किंमत ९०० कोटी डॉलर धरली जात होती. गुंतवणूकदारांकडून ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली, आणि देणाऱ्यांत रूपर्ट मरडॉक होते, वॉलमार्टचे वॉल्टन कुटुंब होते. मरडॉक यांचे एकट्याचे साडेबारा कोटी डॉलर गेले. या मंडळींना वकील, हिशेबनीस, सल्लागार यांची वाण होती काय? तरीही कंपनीच्या 'एडिसन' यंत्रावर फारच थोड्या तपासण्या होत आणि बाकीच्या दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर गुपचूप उरकल्या जात, हे त्यांना कळले नाही.

कळले कोणाला? प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना. टायलर शुल्ट्झ आणि एरिका चेउंग ही दोघे नुकतीच शिक्षण संपवून नोकरीला लागलेली मुले. एकाच रक्ताचे आकडे यंत्र वेगवेगळे देते, आणि गैरसोयीचे आकडे वगळले जातात, हे त्यांनी पाहिले. टायलर हा संचालक जॉर्ज शुल्ट्झ यांचा सख्खा नातू. त्याने आजोबांना सांगितले. आजोबांनी नातवापेक्षा कंपनीवर विश्वास ठेवला. कंपनीने नोकरांकडून तोंड बंद ठेवण्याचे करार लिहून घेतले होते आणि वकिलांचा ससेमिरा मागे लावला. तरी दोघे बोलली. चेउंग यांनी सरकारी तपासनीसांना लिहिले. २०१५ च्या ऑक्टोबरात जॉन कॅरेरू यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये प्रकरण उघडकीस आणले. २०१८ मध्ये कंपनी मोडीत निघाली, आणि २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल होम्स यांना ११ वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतही हेच दिसते. पाहुणे आले की चालू यंत्र दाखवतात. ते यंत्र पाहुणे गेल्यावर किती वेळ चालते हे फिटरला विचारावे. म्हणून आम्ही मित्राला सांगितले, पुस्तिका बाजूला ठेवा, त्या कंपनीतून गेल्या वर्षात कोण कोण नोकरी सोडून गेले ते आधी शोधा. चाचणी पाहणारे लोक एकामागून एक सोडून जात असतील तर पुस्तिकेतील आलेख कितीही चढते असोत, काही तरी बिनसले आहे.

कागदांचेही तसेच. आपल्याकडे वैद्यकीय साधनांचे नियम २०१७ साली झाले. साधनांचे धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड असे चार वर्ग केले आहेत. जीभ दाबण्याची पट्टी अ वर्गात, इंजेक्शनची सुई ब मध्ये, कृत्रिम श्वसनयंत्र क मध्ये, हृदयाची झडप ड मध्ये. अ आणि ब वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. क आणि ड चा केंद्राकडून येतो. परवान्यांचे नमुने वेगवेगळे आहेत. नमुना एमडी ५ किंवा एमडी ९ म्हणजे विक्रीसाठी माल बनवण्याचा परवाना. एमडी १३ म्हणजे केवळ चाचणीसाठी, प्रात्यक्षिकासाठी थोडा माल बनवण्याची मुभा. मित्राच्या पुस्तिकेत 'शासनाचा परवाना प्राप्त' असे मोठ्या अक्षरांत छापले होते. क्रमांक विचारून घेतला तेव्हा तो एमडी १३ निघाला. विधान खोटे नव्हते म्हणा! आयएसओ १३४८५ या प्रमाणपत्राचीही हीच गत. कारखान्याची कामाची पद्धत शिस्तीची आहे एवढे ते सांगते. यंत्राचा आकडा बरोबर आहे असे सांगत नाही. आणि पेटंट म्हणजे कल्पना नवी आहे याची पावती. नवी कल्पना चालतेच असा कायदा कोठे आहे?

येथे कोणी म्हणेल, तुम्हाला सगळीकडे काळेच दिसते. तसे नाही. पुण्याच्याच मायलॅब या कंपनीचे उदाहरण घ्या. करोनाच्या साथीत परदेशी तपासणी संचांची वाट पाहत देश बसला असता, डॉ. मीनल डाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या तुकडीने सहा आठवड्यांत देशी संच तयार केला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे तो पारखण्यासाठी गेला आणि मार्च २०२० मध्ये त्याला मंजुरी मिळाली. कायद्याने हा संचही वैद्यकीय साधनच होय. एका संचात १०० नमुने तपासता येत, आणि तपासणीला सुमारे १,२०० रुपये पडतील असे कंपनीचे म्हणणे होते. परदेशी संचाला त्या वेळी ४,५०० पडत. एप्रिलमध्ये सीरमचे अदर पूनावाला आणि एपी ग्लोबालेचे अभिजित पवार यांनी उत्पादन वाढवण्यासाठी कंपनीला हात दिला. या घटनेचा क्रम मुद्दाम पाहा. आधी यंत्र झाले, मग ते परक्या संस्थेने पारखले, मग परवाना, आणि त्यानंतर मोठ्या थैलीची माणसे आली. निवृत्त माणसाच्या ग्रॅच्युइटीची तेथे कोणाला आठवण झाली नाही, कारण तिची गरजच नव्हती. आमच्या मित्राला दाखवलेल्या कंपनीत मात्र क्रम उलटा होता: आधी थैली, आणि तीही लहान माणसाची.

आणि त्याच तपासणीच्या दराची पुढची कथा पाहा. मार्च २०२० मध्ये खाजगी प्रयोगशाळेच्या तपासणीवर मर्यादा होती ४,५०० रुपयांची. महाराष्ट्र सरकारने जूनमध्ये ती २,२०० वर आणली, ऑक्टोबरात ९८०, मार्च २०२१ मध्ये ५०० आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ३५०. पावणेदोन वर्षांत दर तेराव्या हिश्श्याजवळ आला. जनतेच्या दृष्टीने हे उत्तमच झाले, आणि व्हावे म्हणून आमच्यासारख्यांनी ओरडही केली. हृदयात घालण्याच्या औषधी स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरवली तेव्हाही आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यापूर्वी रोग्याकडून लाखाच्या वर घेत. परंतु ४,५०० चा दर कायम राहील असे धरून कोणी शेअरची किंमत बांधली असेल, तर त्याचे काय झाले असेल? औषधोपचाराच्या धंद्यात गरज जितकी मोठी तितका भाव उतरवण्याचा दाबही मोठा. पुस्तिकेत देशातल्या मधुमेह्यांच्या कोट्यवधी संख्येला यंत्राच्या किमतीने गुणून धंद्याचा आकडा काढलेला असतो. त्या गुणाकारात सरकार, स्पर्धक आणि गरीब रोगी हे तिघेही वगळलेले असतात.

आता शेअरकडे येऊ. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. समजा, कंपनीचे १०,००० शेअर आहेत आणि तुम्ही १०० घेतले. तुम्ही शंभरांत एकाचे मालक झालात. यंत्राच्या चाचण्यांना पैसा लागतो, आणि तो वर्षानुवर्षे लागतो, म्हणून कंपनी आणखी १०,००० शेअर नव्या भांडवलदाराला देते. तुमचे शेअर शंभरच राहिले, मालकी निम्मी झाली. नवा भांडवलदार आपल्या ५ कोटींसाठी बहुधा अशी अटही घालून घेतो की कंपनी विकली गेली तर आधी माझे पैसे, मग इतरांचे. उद्या कंपनी ४ कोटींना विकली गेली. वर्तमानपत्रात बातमी येईल, पुण्याच्या कंपनीचा ४ कोटींचा सौदा! तुमच्या वाट्याला एक रुपयाही नाही. आणि मधल्या काळात गरज पडली, मुलीचे लग्न निघाले, शस्त्रक्रिया करावी लागली, तर नोंदणी नसलेला शेअर विकायला गिऱ्हाईक कोठून आणणार? ज्याने विकत दिला तो परत घेत नाही.

कंपनी बुडालीच तर काय? २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याचे ५३ वे कलम आम्हाला तोंडपाठ आहे, कारण बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या आम्ही झिजवल्या आहेत. कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटण्याची रांग ठरलेली आहे. आधी मोडीत काढण्याचाच खर्च. मग कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी, आणि त्यांच्याच बरोबरीने तारणावर कर्ज देणाऱ्या बँका. मग इतर नोकरांचे पगार, बिनतारणी कर्जे, सरकारी देणी, उरलेली देणी, अग्रहक्काचे भागधारक, आणि सर्वांत शेवटी साधे भागधारक. प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रॅच्युइटी फंडाचे पैसे तर या रांगेतच नसतात. ते कंपनीच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. ही जागा सुखासुखी मिळालेली नाही. तिच्यामागे कामगार चळवळीच्या पिढ्या आहेत. आमचा मित्र ३१ वर्षे या रांगेच्या डोक्यापाशी उभा होता, आणि रांगेच्याही बाहेर सुरक्षित असलेला पैसा घेऊन आता स्वतः होऊन शेपटाशी जायला निघाला होता. दुसऱ्याच्या कारखान्यात मजूर म्हणून त्याला जे संरक्षण होते ते मालक म्हणून राहणार नव्हते. हे आम्ही त्याला कागदावर रांग काढून दाखवले. तो पुष्कळ वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

शेअर कसे विकले जात आहेत हेही पाहावे लागते. खाजगी रीतीने शेअर देण्याला २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ४२ व्या कलमाने बंधने घातली आहेत. वर्षाला २०० हून अधिक माणसांना, मोठ्या संस्था आणि कंपनीचे नोकर वगळून, असे शेअर देऊ करता येत नाहीत. जाहिरात करता येत नाही. पैसे रोखीने घेता येत नाहीत. पैसे घेतल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. म्हणजे व्हॉट्सअॅपच्या गटांतून हजार लोकांना पुस्तिका फिरत असेल, किंवा 'थोडे रोख द्या' असे कोणी म्हणत असेल, तर यंत्राचा विचार करण्याचीही जरूर नाही. आणि जो तरुण स्वतःजवळचे जुने शेअर विकतो, त्याचे पैसे कंपनीच्या प्रयोगाला जात नाहीत, त्याच्याच खिशात जातात. कंपनीचे वार्षिक हिशेब निबंधकाकडे दाखल असतात. आपल्या भागाचे निबंधक आकुर्डी रेल्वे स्थानकाजवळ बसतात. पण तेथवर जाण्याचीही गरज नाही, केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की ते कोणालाही पाहता येतात. शंभर रुपये! बारा लाख घालायला निघालेल्या माणसाने ते खर्चलेले नव्हते.

उरला मित्राचा मूळ प्रश्न: यंत्र झालेच पाहिजे की नाही? झालेच पाहिजे. पण त्याचा खर्च कोणी सोसायचा? त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियथान यांच्या तुकडीने हृदयाची देशी झडप बनवली. पहिले तीन नमुने टाकून द्यावे लागले. चौथा १९९० च्या डिसेंबरात पहिल्या रोग्याला बसवला, आणि १९९५ पासून टीटीके कंपनी ती विकू लागली. दोन दशकांच्या आसपास गेली आणि तो काळ सरकारी पैशाने निभावला. आज पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर नव्या कंपन्यांना जागा आणि उपकरणे देते. केंद्र सरकारची बायरॅक ही संस्था कल्पना पारखण्यासाठी ५० लाखांपर्यंत अनुदान देते. तीन नमुने फुकट गेले तरी ज्याची चूल विझत नाही, त्याने हा जुगार खेळावा, आणि खेळलाच पाहिजे; त्यात आम्हाला काही गैर दिसत नाही.

आमच्याच मुलखात सामान्य माणसाने धंद्याला पैसा दिल्याचे थोर उदाहरण आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पण देणाऱ्याने तो पैसा दान म्हणून दिला होता, आणि तोही एकच. पाचपट होईल असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मित्राने शेवटी काय केले? त्यांनी १२ लाख घातले नाहीत. २४ लाख बँकेत आणि टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, आणि २ लाखांचे शेअर आमचा सल्ला न मानता घेतले. थेट कंपनीकडून, चेकने. म्हणाले, "हे गेले असे समजूनच देतो. पैसा फंडच म्हणा. पण हिला सांगू नका." आम्ही पुढे बोललो नाही. ५०० शेअर त्यांच्या खात्यावर वेळेत जमा झाले. दरवर्षी कंपनीचे हिशेब दाखल झाले की ते छापून घेऊन कचेरीत येतात आणि आम्ही दोघे चष्मे लावून बसतो. मागच्या खेपेस विक्रीच्या रकान्यात काही नव्हते, पगाराचा खर्च वाढलेला होता आणि नवे शेअर काढलेले होते. चाचणी चालू आहे, एवढेच संचालकांच्या अहवालात लिहिले होते. किती रोग्यांवर आणि कोणत्या रुग्णालयात, हे विचारणारे पत्र आम्ही त्यांच्याकडून लिहून घेतले आहे. उत्तर यायचे आहे.